जर्मनटाऊनहून पोटोमॅकला: शाळेसाठी घर बदलावं का?

पत्र

ताई, आम्ही अमेरिकेत मेरीलँडच्या मॉन्टगोमरी काउंटीत, जर्मनटाऊनला राहतो. नवरा गेदर्सबर्गच्या एका औषध कंपनीत आहे, मी घरून काम करते. २०२१ मध्ये टाऊनहाऊस घेतलं. साडेचार लाख डॉलरचं कर्ज आहे, तीन टक्क्यांनी. मुलगी सातवीत आहे. गणितात चांगली आहे, व्हायोलिन वाजवते, थोडी बुजरी आहे. आमच्या पत्त्याला सेनेका व्हॅली हायस्कूल येतं. मराठी शाळेतल्या दोन मैत्रिणी मुलांच्या शाळेसाठी पोटोमॅकला गेल्या आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. तिथल्या चर्चिल किंवा वूटन हायस्कूलच्या हद्दीत घर घ्यायचं तर आठ लाखांचं कर्ज काढावं लागेल, तेही साडेसहा टक्क्यांनी. आम्ही अजून एच-वन-बी व्हिसावर आहोत. घरं शोधायच्या ॲपवर प्रत्येक घराखाली शाळेचे दहापैकी गुण दिसतात, ते बघून नवऱ्याचं मत पक्कं झालंय. परवा रात्री आमचं बोलणं ऐकून लेक म्हणाली, “आई, मी जाणार ती शाळा वाईट आहे का?” मला उत्तर सुचलं नाही. काय करू?

— एक आई, जर्मनटाऊन

उत्तर

तुमच्या लेकीच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो आधी सुटायला हवा. नाही, ती शाळा वाईट नाही. हे तिला आजच सांगा, आणि मनापासून सांगा. त्यासाठी तुमचा स्वतःचा त्यावर विश्वास बसायला हवा, म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहिते आहे.

आपण शाळेकडे बघायला शिकलो ते पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात. तिथे नावाजलेली शाळा म्हणजे काय, तर फळ्यावर बोर्डात आलेल्यांची नावं. दहावीनंतर अमुक कॉलेजची कट-ऑफ किती लागली, यावर त्या कॉलेजची प्रत ठरायची. तिथे मार्कांवर प्रवेश मिळत होता, म्हणून कट-ऑफ वर गेली की आत येणारी मुलं हुशार, हे गणित ढोबळमानाने जमायचं. इथली सरकारी हायस्कुलं तशी नाहीत. इथे घराचा पत्ता शाळा ठरवतो. चर्चिलला जाणाऱ्या मुलाने कुठली परीक्षा दिलेली नसते. त्याच्या आईवडिलांनी पोटोमॅकला घर घेतलेलं असतं. म्हणून शाळेच्या सरासरीत आधी त्या हद्दीतल्या घरांच्या किमती दिसतात, आईवडिलांचं शिक्षण दिसतं, उन्हाळ्यात लावलेल्या शिकवण्या दिसतात. शिक्षकांनी वर्गात काय केलं ते त्याच आकड्यात कुठेतरी असतं, पण बाकीच्या थरांखाली दबलेलं.

मॉन्टगोमरीपुरतं बोलायचं तर हे आणखी ठळक आहे. न्यू जर्सीत गावागणिक वेगळा शाळा-जिल्हा असतो, पैसाही गावागणिक वेगळा. मेरीलँडमध्ये अख्खी काउंटी मिळून एकच शाळा-जिल्हा. तुमच्या काउंटीत नेहमीची पंचवीस हायस्कुलं आहेत, दीड लाखाहून जास्त विद्यार्थी आहेत, आणि सगळ्यांवर एकच शाळा-मंडळ. शिक्षकांची वेतनश्रेणी सगळीकडे तीच आणि अभ्यासक्रमाचा गाभाही तोच. सेनेका व्हॅलीतल्या बीजगणिताच्या शिक्षकाला पोटोमॅकच्या शिक्षकापेक्षा कमी पगार मिळतो असं नाही. मुख्याध्यापक कसा आहे, अनुभवी शिक्षक टिकतात का, यांनी फरक पडतो, आणि तो बघायचा कसा ते पुढे सांगते. पण ॲपवरच्या दहापैकी चार आणि दहापैकी नऊ यांच्यात जी दरी दिसते, तिचा मोठा भाग शाळेच्या दारात पाऊल टाकण्याआधीच तयार झालेला असतो.

आता असे गुण आणि क्रमांक बनतात कसे ते बघू, कारण तुमच्या नवऱ्याने त्यांच्यावर भिस्त ठेवली आहे आणि त्यांना आकड्यांतलं कळतं असं पत्रावरून वाटतं. ॲपवरचे गुण वेगळे असतात, पण नमुना म्हणून यू.एस. न्यूजची हायस्कूलच्या क्रमवारीची यादी घ्या, तीही खूप फिरते. त्यात तीस टक्के वजन ‘कॉलेजची तयारी’ या मोजमापाला आहे. म्हणजे बारावीपर्यंत किती मुलांनी एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांपैकी निदान एक तरी दिली आणि किती जण त्यात पास झाले. चाळीस टक्के वजन राज्याच्या परीक्षांना आहे, त्यातलं निम्मं थेट निकालाला आणि निम्मं शाळेतल्या मुलांची परिस्थिती बघता अपेक्षेच्या मानाने निकाल कसा लागला याला. उरलेल्या तिसात मागे राहिलेल्या गटांतल्या मुलांची कामगिरी दहा, विषयांचा पसारा दहा आणि पदवीचं प्रमाण दहा. म्हणजे परिस्थिती लक्षात घेऊन शाळेचं काम तपासणारा भाग त्यात आहे, पण थोडाच. व्हायोलिनचा वर्ग, बुजऱ्या मुलीला ओळखणारी समुपदेशक, दुपारी अडीचला सुटल्यावर शाळेत थांबायला जागा, यांतलं काहीच त्यात नाही. आणि असणार तरी कसं?

सरासरी किती फसवते याचं उदाहरण तुमच्याच काउंटीत आहे. सिल्व्हर स्प्रिंगच्या माँटगोमरी ब्लेअर हायस्कूलमध्ये १९८५ पासून विज्ञान, गणित आणि संगणकाचा मॅग्नेट कार्यक्रम आहे. तो देशभरात नावाजलेला आहे. दर वर्षी अर्ज करून, निवड होऊन साधारण शंभर मुलं त्यात येतात. शाळेत एकूण मुलं तीन हजारांवर. या शंभरांचे निकाल अख्ख्या शाळेच्या आकड्यात मिसळतात. आता समजा कुणी ब्लेअरचं नाव ऐकून त्या हद्दीत घर घेतलं. त्यांचं मूल मॅग्नेटमध्ये आपोआप जात नाही. ते त्याच इमारतीत, दुसऱ्या वर्गात बसतं. तो वर्ग उत्तम असू शकतो, पण ज्या आकड्याला भुलून घर घेतलं तो आकडा त्या वर्गाचा नाही. रॉकव्हिलच्या रिचर्ड माँटगोमरीत आयबी मॅग्नेट आहे, तिथेही हेच. एकाच छपराखाली दोन-तीन शाळा नांदत असतात, आणि तुमचं मूल त्यांतल्या एकीत शिकतं.

म्हणून “कुठली शाळा चांगली” हा प्रश्न बाजूला ठेवा आणि विचारा, “माझी मुलगी तिथे रोज कुठल्या वर्गांत बसेल, कुणाबरोबर, आणि तिला कोण ओळखत असेल?” याची उत्तरं मिळतात, फक्त ॲपवर मिळत नाहीत.

पण एक गोष्ट तुमच्या नवऱ्याच्या बाजूचीही सांगायला हवी. शाळेने आणि सोबतच्या मुलांनी काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पुरावा तुमच्याच काउंटीतला आहे. १९७० च्या दशकात मॉन्टगोमरीने कायदा केला की नव्या मोठ्या वसाहतीत ठरावीक घरं परवडणाऱ्या किमतीची ठेवायची, आणि त्यांतली काही गृहनिर्माण यंत्रणा विकत घेऊन गरीब कुटुंबांना भाड्याने देते. कुठल्या कुटुंबाला कुठलं घर हे जवळपास चिठ्ठीने ठरत असे, म्हणून तुलना करायला ती सोन्यासारखी संधी होती. हेदर श्वार्ट्झ यांचा अभ्यास २०१० मध्ये आला. गरीब घरांतली जी मुलं सुखवस्तू वस्तीतल्या प्राथमिक शाळांत गेली, त्यांनी प्राथमिक शाळा संपेपर्यंत गणितात काउंटीतल्या सुस्थितीतल्या मुलांशी असलेली तफावत जवळजवळ निम्मी भरून काढली. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती वाचून मला फार आनंद झाला होता. पण ती मुलं कोण होती ते बघा. लहान होती, आणि घरी पुस्तकं, मदत, वेळ सगळ्याचीच चणचण होती. तुमच्या लेकीच्या घरी दोन शिकलेले पालक आहेत, ती आताच गणितात पुढे आहे, आणि हायस्कूलला जाईपर्यंत चौदा वर्षांची होईल. त्या अभ्यासातला फायदा जसाच्या तसा तिच्या खात्यात जमा होईल असं समजू नका.

आता तुलना कशी करायची ते. यात तुम्हाला दोन-तीन रविवार घालवावे लागतील.

मेरीलँड राज्याचं ‘रिपोर्ट कार्ड’ संकेतस्थळावर आहे. प्रत्येक शाळेचं पान उघडलं की आधी तारे दिसतात, एक ते पाच. तिथे थांबू नका. खाली उतरा, तिथे निकाल गटागटांत विभागलेले आहेत: वंशानुसार, उत्पन्नानुसार, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांचे वेगळे. तुमच्या लेकीसारख्या घरातून आलेल्या मुलांचा गट दोन्ही शाळांत शोधा आणि ते दोन आकडे शेजारी ठेवा. अख्ख्या शाळांची सरासरी शेजारी ठेवण्यापेक्षा हे कितीतरी न्याय्य आहे. असं केल्यावर दरी पुष्कळदा अरुंद होते. तुमच्या बाबतीत ती किती उरते ते स्वतः मोजा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. मग काउंटीचं ‘स्कूल्स ॲट अ ग्लान्स’ बघा. त्यात वर्गात सरासरी किती मुलं, सवलतीचं जेवण किती जणांना, वर्षाच्या मध्यात किती मुलं शाळा सोडतात आणि नवी येतात, हे सगळं असतं. हा शेवटचा आकडा लोक वाचतच नाहीत. मला तो फार बोलका वाटतो, कारण मुलं सारखी बदलत असली की शिक्षकाला तोच धडा पुन्हा पहिल्यापासून उचलावा लागतो.

त्यानंतर विषयांची यादी. तुमची लेक गणितात पुढे आहे, तर तिची वाट बारावीपर्यंत कागदावर मांडा. आठवीत कुठलं गणित, नववीत कुठलं, एपी कॅल्क्युलस कुठल्या वर्षी, आणि त्यानंतर उरलेल्या वर्षी पुढचं गणित त्याच शाळेत मिळेल की माँटगोमरी कॉलेजात जाऊन घ्यावं लागेल. हायस्कूलमध्ये असतानाच त्या कॉलेजचे वर्ग घेता येतात, ही सोय काउंटीतल्या सगळ्याच शाळांतल्या मुलांना आहे. विषय यादीत छापलेला असणं पुरेसं नाही. “गेल्या वर्षी हा वर्ग खरोखर भरला का, किती मुलं होती?” हे समुपदेशकाला ईमेलवर विचारा. उत्तर किती दिवसांनी येतं आणि कसं येतं, यावरूनही शाळा कळते.

इथे तुम्हाला कदाचित कुणी न सांगितलेली गोष्ट सांगते. सेनेका व्हॅलीत आयबी डिप्लोमा कार्यक्रम आहे. चर्चिलमध्ये आणि वूटनमध्ये तो नाही, तिथे एपी आहे. एपीत मूल हवे ते विषय सुटे सुटे निवडतं. आयबीत अकरावी-बारावीची दोन वर्षं सहा विषय एकत्र, एक मोठा स्वतंत्र निबंध आणि ज्ञान म्हणजे काय यावरचा एक वेगळा विषय. एक श्रेष्ठ आणि एक कनिष्ठ असं काही नाही. पण आयबीच्या छोट्या गटात दोन वर्षं तीच मुलं, तेच शिक्षक राहतात, आणि बुजऱ्या मुलीला ते किती मानवतं हे मी जवळून पाहिलं आहे. सेनेका व्हॅलीची नवी इमारत २०२० मध्ये सुरू झाली आणि व्यवसायशिक्षणाचे वर्गही तिथे मोठे आहेत. दहापैकी गुण देणाऱ्या चौकोनात हे काहीच मावत नाही.

शिवाय घर न बदलता अर्ज करता येतील असे कार्यक्रमही आहेत. काउंटीच्या वरच्या भागातल्या मुलांसाठी पूल्सव्हिल हायस्कूलचे मॅग्नेट वर्ग, विज्ञान-गणिताचे आणि मानव्यविद्यांचे. त्यांचे अर्ज आठवीच्या सुरुवातीला, पानगळीच्या दिवसांत भरायचे असतात, म्हणजे तुमच्याकडे वर्षभरही नाही. हे कार्यक्रम विभागवार नव्याने मांडायची योजना काउंटीत पुढे आली आहे, तेव्हा मैत्रिणीच्या थोरल्याने काय केलं ते प्रमाण धरू नका. तुमची लेक ज्या वर्षी नववीत जाईल त्या वर्षीचे नियम शाळेकडून लेखी घ्या.

आणि शाळेतल्या मुलांनी काढलेली वर्तमानपत्रं वाचा! ब्लेअरचं ‘सिल्व्हर चिप्स’, चर्चिलचं ‘ऑब्झर्व्हर’, वूटनचं ‘कॉमन सेन्स’ ही सगळी कुणालाही वाचता येतात. मुलं काय लपवत नाहीत ते तिथे कळतं: कुठे कॉपीचा प्रश्न आहे, कुठे झोप होत नाही, कुठल्या शिक्षिकेच्या निवृत्तीने अख्खी शाळा हळहळली. मी जेव्हा शाळांची तुलना करते तेव्हा सगळ्यात आधी हेच वाचते. वरच्या क्रमांकाच्या शाळांतली मुलं स्वतःच्या ताणाबद्दल किती आणि काय लिहितात तेही तुमच्या नवऱ्याबरोबर बसून वाचा.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण तुमच्या पत्राने ते वर आलं. माझी थोरली आठवीत असताना आम्हीही शाळेसाठी घर बदललं. नाव नाही घेत, आणि शाळेची काही चूकही नव्हती. आधीच्या ठिकाणी ती ऑर्केस्ट्रात पहिल्या रांगेत होती, नव्या ठिकाणी जागा मिळाली ती शेवटच्या रांगेत, कारण तिथली मुलं पाच-पाच वर्षं खाजगी शिक्षकांकडे शिकलेली. ते तिने सहन केलं. आमचंच वेगळं झालं. कर्जाचा हप्ता भागवायला ह्यांनी आठवड्याला दोन रात्रींचं जादा काम घेतलं, मी शनिवार धरला. ज्या दोन वर्षांत ती सगळ्यात एकटी होती, त्या दोन वर्षांत आम्ही घरी सगळ्यात कमी होतो. ती पुढे चांगली शिकली, नोकरीला आहे. पण एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, “आई, तेव्हा घरात नेहमी कुणीतरी निघायच्या घाईत असायचं.” हे वाक्य मला अजून पुरतं पचवता आलेलं नाही. तुमचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. हिशेब मांडताना ही ओळही त्यात असू द्या, एवढंच मागते.

हिशेबाचंच बोलू. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर, तीस वर्षांचं कर्ज धरून, आताचा हप्ता साधारण एकोणीसशे डॉलर बसतो. आठ लाख साडेसहा टक्क्यांनी म्हणजे महिना पाच हजारांच्या थोडं वर. फरक महिन्याला एकतीसशेच्या पुढे, वर्षाला अडतीस हजारांच्या आसपास. लेक सातवीत आहे, बारावी संपेपर्यंत पाच वर्षं धरली तर एक लाख नव्वद हजार डॉलर होतात. मोठ्या घराचा मालमत्ता कर वेगळा. घर घेताना राज्याचा अर्धा टक्का आणि काउंटीचा एक टक्का हस्तांतरण कर, वर नोंदणीचा कर, आताचं घर विकताना दलाली. हप्त्यातला काही भाग मुद्दलात जातो आणि घराची किंमत वाढूही शकते, हे मान्य. पण सुरुवातीच्या वर्षांत बराचसा पैसा व्याजातच जातो. मेरीलँडच्या रहिवाशाला कॉलेज पार्कच्या राज्य विद्यापीठात चार वर्षं, राहण्या-जेवण्यासकट, शिकायला लागेल त्याहून हा पैसा जास्त आहे.

आणि तुम्ही एच-वन-बीवर आहात. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा सामान बांधायचं. तीन टक्क्यांचं कर्ज आणि एकोणीसशेचा हप्ता ही त्या साठ दिवसांतली तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे. तुमच्या एकटीच्या पगारावरही तो हप्ता निघत असेल. पाच हजारांचा निघेल का? हा प्रश्न शाळेचा नाही असं वाटेल, पण मला तो शाळेचाच वाटतो. कारण त्या काळात मुलीची शाळा बदलू नये, तिला वर्षाच्या मध्यात उचलून न्यावं लागू नये, यासाठी तुमचं घर टिकलं पाहिजे.

हद्दीचंही बघा. घर आज चर्चिलच्या हद्दीत आहे म्हणजे तुमची लेक नववीत जाईल तेव्हाही असेलच असं नाही. काउंटीत चार्ल्स वुडवर्ड आणि गेदर्सबर्गचं क्राऊन अशा हायस्कूलच्या इमारतींची भर पडते आहे, आणि नवी शाळा आली की शेजारच्या कितीतरी शाळांच्या रेषा हलतात. कुठल्याही घराला हात घालण्याआधी काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघा, आणि शाळा-मंडळाच्या हद्दींबद्दलच्या बैठकांत त्या भागाचं काय चाललंय तेही. घर विकणारा एजंट आजची रेषा सांगतो. पत्ता न बदलता शाळा बदलून मागण्याचा एक अर्जही असतो, पण तो खास अडचणीसाठी आहे. ‘ती शाळा जास्त चांगली’ हे कारण तिथे चालत नाही. आणि ओळखीच्यांचा पत्ता लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चौदा वर्षांच्या मुलीला रोज खोटा पत्ता सांभाळायला लावणं फार वाईट.

कॉलेजच्या प्रवेशाची भीती तुमच्या नवऱ्याच्या मनात असणारच, म्हणून तेही. कॉलेजं अर्ज वाचतात तेव्हा शाळेची माहिती सोबत असते: त्या शाळेत कुठले कठीण विषय उपलब्ध होते आणि या मुलीने त्यांतले किती घेतले. म्हणजे जिथे ती आहे तिथे तिने काय केलं हे बघितलं जातं. वरच्या क्रमांकाच्या शाळेचं नाव अर्जावर असलं की दार आपोआप उघडतं, असं होत नाही. तिथे तिच्यासारखीच तयारी असलेली पुष्कळ मुलं त्याच कॉलेजांना अर्ज करत असतात.

घर कधी बदलावं? तिला शाळेत त्रास होत असेल आणि शाळा दाद देत नसेल तेव्हा. तिला मनापासून हवा असलेला विषय तिथे नसेल आणि दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नसेल तेव्हा. किंवा तुम्हाला तसंही मोठं घर हवं असेल आणि एका पगारावर ते पेलत असेल तेव्हा. यांतलं काही असेल तर जा, निःशंक मनाने जा, चर्चिल आणि वूटन दोन्ही उत्तम शाळा आहेत. तुमच्या पत्रात मात्र मला यांतलं काही दिसलं नाही. पत्रात दिसल्या त्या दोन मैत्रिणी आणि एक ॲप.

नवऱ्याशी बोलताना त्यांना चूक ठरवू नका. आईवडील, भाऊबंद, गाव सगळं सोडून आलो ते मुलांसाठीच, मग आता हात आखडता घेतला तर आलो कशाला, ही भावना फार खोल असते. मी ती ओळखते. त्यांना सांगा की पैसे वाचवायचे म्हणून तुम्ही नको म्हणत नाही आहात. राज्याच्या संकेतस्थळावरचे गटवार आकडे काढायचं काम त्यांच्याकडेच द्या. आकड्यांवर विश्वास असलेल्या माणसाला नेमका आकडा हाती दिला की तो मोकळ्या मनाने बघतो, हा माझा अनुभव आहे.

आणि मग तिघं मिळून सेनेका व्हॅलीत जा. पालकांसाठी ठेवलेला दिवस असतो तेव्हा जाच, पण त्याआधी वाद्यवृंदाचा वसंतातला कार्यक्रम गाठा, तो आठवीच्या आतल्या मुलांनाही बघता येतो. कार्यक्रम संपल्यावर घाईने पार्किंगकडे जाऊ नका. संगीतशिक्षकांना भेटा, नववीत व्हायोलिनला कशी जागा मिळते ते लेकीला स्वतःला विचारू द्या. ती बोलेपर्यंत तुम्ही थांबा, तिच्या वतीने बोलू नका. शिक्षक तिच्याकडे वळून उत्तर देतात की तुमच्याकडे, ते बघा. येताना मधल्या दारात उभ्या असलेल्या मुलांना विचारा की इथे जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठे बसता. शाळा सकाळी पावणेआठला भरते, तेव्हा एखाद्या सकाळी त्या वेळेला नुसतं बाहेर गाडीत बसून बघितलं तरी चालेल. घरं दाखवणाऱ्या एजंटला तोवर थांबायला सांगा. ऑक्टोबरपर्यंत पूल्सव्हिलच्या अर्जाची तारीख कळेल, तेव्हा मला पुन्हा लिहा. गटवार आकडे काय निघाले ते आणि लेक काय म्हणाली तेही कळवा.